उपदेशपीठामागचे हात: चर्च आणि गुप्तहेर खात्यांबद्दल कागद काय सांगतात?

मुळाकाठ

१८ जुलै १९६१ ला मॉस्कोजवळच्या झागोर्स्क मठात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या बिशपांची सभा भरली आणि एका दिवसात आटोपली. त्या दिवशी दोन मोठे निर्णय झाले. एक म्हणजे पॅरिशचा, म्हणजे गावातल्या किंवा वस्तीतल्या चर्चचा, कारभार पाद्र्याच्या हातून काढून घेतला गेला. पैसा, इमारत, नोकरचाकर, कशावरही त्याचा अधिकार उरला नाही. त्याने फक्त उपासना चालवायची. दुसरा निर्णय जागतिक चर्च परिषदेचं सभासद होण्याचा.

तेव्हा ख्रुश्चेव्हची धर्मविरोधी मोहीम ऐन भरात होती आणि हजारो चर्चना कुलपं लागत होती. घरी ज्या चर्चचा गळा आवळायचा, त्यालाच बाहेर जगात मानानं मिरवायचं, हे एकाच सरकारचं एकाच वेळचं धोरण होतं. चार महिन्यांनी ही मंडळी पोहोचली ती दिल्लीच्या विज्ञान भवनात. १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६१ या काळात जागतिक चर्च परिषदेचं तिसरं अधिवेशन तिथे झालं आणि रशियन चर्च रीतसर सभासद झालं. शिष्टमंडळाचे प्रमुख आर्चबिशप निकोदिम अवघे ३२ वर्षांचे होते.

हा धागा काढायचं कारण सांगतो. 'चर्च म्हणजे सीआयएची शाखा' किंवा 'अमुक पोपला केजीबीने बसवलं' असले संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. त्यांत कागद कधीच नसतो. उलट खरे कागद आहेत, बऱ्यापैकी आहेत, आणि ते कोणी वाचत नाही. ते वाचल्यावर माझं मत असं झालंय की गुप्तहेर खात्यांना ख्रिस्ती धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता लोकांचा पाद्र्यावरचा विश्वास, जो सरकारला काही केल्या मिळत नाही. आणि या विश्वासाचा सौदा उघडकीला आणणारे बहुतेक वेळा चर्चमधलेच लोक होते. त्यांची नावं आपल्याला माहीत नसावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रशियाची गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये. ४ सप्टेंबरच्या रात्री स्टालिनने तीन मेट्रोपॉलिटनना (वरिष्ठ बिशपांना) क्रेमलिनमध्ये बोलावलं. वीस वर्षं ज्यांचे सहकारी छावण्यांत मेले, त्यांना विचारलं, तुमच्या अडचणी काय आहेत? चार दिवसांत १९ धर्माध्यक्षांची सभा भरली आणि त्या तिघांपैकी सर्गेई कुलपती (पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचे प्रमुख) झाले. चर्चवर देखरेखीसाठी नवं मंडळ नेमलं गेलं, त्याचा प्रमुख गिओर्गी कार्पोव्ह हा थेट सुरक्षा खात्याचा अधिकारी. म्हणजे चर्चला श्वास घ्यायला जागा मिळाली, पण दाराशी खात्याचा माणूस बसला.

आता कागदांकडे येतो. ऑगस्ट १९९१ च्या फसलेल्या बंडानंतर रशियन संसदेने एक चौकशी समिती नेमली. तिच्यात ग्लेब याकुनिन होते. हे स्वतः पाद्री. १९६५ मध्ये त्यांनी आणि निकोलाय एश्लिमान यांनी कुलपतींना पत्र लिहून विचारलं होतं की सरकारच्या बेकायदा हुकमांपुढे चर्च मान का तुकवतं. त्याबद्दल चर्चनेच दोघांना सेवेतून दूर केलं. १९७५ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या नैरोबी अधिवेशनाला त्यांनी लेव्ह रेगेल्सन यांच्यासह पत्र पाठवलं. तिथे सोव्हिएत संघाचं नाव घेणारं वाक्य ठरावात आलं आणि सोव्हिएत शिष्टमंडळाच्या हरकतीनंतर बोथट होऊन गेलं. १९७९ मध्ये याकुनिन पकडले गेले, छावणी आणि हद्दपारी भोगून १९८७ ला सुटले. असा माणूस १९९२ च्या सुरुवातीला केजीबीच्या दप्तरखान्यात बसून तिच्या धर्मविषयक विभागाचे अहवाल वाचत होता.

त्या अहवालांत नावं नव्हती, टोपणनावं होती. द्रोज्दोव्ह, अदामान्त, अबात, आन्तोनोव्ह. अमुक महिन्यात अमुक हस्तक अमुक देशात अमुक बैठकीला गेला, अशा कोरड्या नोंदी. मग ओळखायचं कसं? मॉस्को कुलपतिपीठाचं स्वतःचं एक मासिक होतं. चर्चचं कोणतं शिष्टमंडळ कधी कुठे गेलं, याच्या बातम्या त्यात भक्तिभावाने छापल्या जात. शोधणाऱ्यांनी अहवालातल्या तारखा आणि मासिकातल्या तारखा शेजारी ठेवल्या. एकाच टोपणनावाचे चार-पाच प्रवास एकाच बिशपच्या प्रवासांशी जुळत गेले. एका अहवालात तर जागतिक चर्च परिषदेच्या १९८३ च्या व्हँकुव्हर अधिवेशनाला गेलेल्या सोव्हिएत मंडळींत ४७ हस्तक असल्याची नोंद आहे.

थोड्याच काळात दप्तरखान्याचं दार पुन्हा बंद झालं. चर्चने १९९३ मध्ये याकुनिन यांचं पाद्रीपद काढलं. निवडणूक लढवली हे कारण दिलं. १९९७ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. ज्यांच्या टोपणनावांची चर्चा झाली त्यांच्यापैकी कोणावरही चर्चने कारवाई केली नाही. हे मला आजही सहन होत नाही.

जाणकारांनी भर घालावी. दावा कराल तेव्हा आधार काय आहे तेही लिहा, एवढी विनंती.

सदाफुली

फार चांगला धागा. पण एक विचारते. टोपणनाव जुळलं म्हणजे माणूस हेर ठरतो का? त्या काळात परदेशी जायचं तर खात्याशी बोलणं भागच असणार. खात्याने आपल्या दप्तरात नाव चढवलं आणि त्या माणसाला पत्ताच नाही, असंही झालं असेल.

मुळाकाठ

सदाफुलीताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि याचं उत्तर सरसकट देता येत नाही. विल्नियसचे आर्चबिशप ख्रिझोस्तोम यांनी १९९२ मध्ये उघडपणे सांगितलं की १८ वर्षं आपला केजीबीशी संबंध होता. त्यांनी लपवलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल लोकांचा आदर टिकला. कुलपती अलेक्सी दुसरे यांनी १९९१ मध्ये एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत क्षमा मागितली. आपल्या तडजोडींमुळे आणि गप्प राहण्यामुळे ज्यांना दुःख झालं त्यांची. द्रोज्दोव्ह म्हणजे तेच, असा आरोप आहे. एस्टोनियात केजीबीचा १९५८ चा एक कागद सापडला, त्यातल्या द्रोज्दोव्हचं वर्णन त्यांच्या चरित्राशी जुळतं. कुलपतिपीठाने आरोप कायम नाकारला.

माझ्या मते तीन प्रकारची माणसं होती. काही खरोखर खात्याची. काही पॅरिश वाचवायला थोडं देऊन बरंच राखणारी. आणि काही वाट्टेल ते झालं तरी नाही म्हणणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा न्याय करताना आपण पुण्यात पंख्याखाली बसलोय याचं भान मी ठेवतो. पण दप्तर बंद ठेवलं की तिन्ही प्रकार एकाच संशयात सापडतात, आणि सगळ्यात मोठा अन्याय तिसऱ्यावर होतो.

पाचूबंदर

मी वसईचा, कॅथलिक. असे धागे उघडताना छातीत थोडं धस्स होतं, कारण दहाव्या प्रतिसादापर्यंत बोट आमच्या पॅरिशकडे वळलेलं असतं. इथे अजून तसं झालं नाही म्हणून लिहितो.

राजसत्ता चर्चमध्ये कशी शिरते हे बघायला आम्हाला मॉस्कोला जायची गरज नाही. पाद्रुआदु (पोर्तुगालच्या राजाचा हक्क) आणि प्रॉपगांडा (रोमचं धर्मप्रसार खातं) हा वाद आमच्या घरातला. बिशप नेमायचा अधिकार पोर्तुगालच्या राजाचा की रोमचा, यावरून एकाच गावातले ख्रिस्ती दोन बाजूंना. १८८६ च्या करारानंतर वसई-साष्टीची कित्येक चर्चं दमणच्या धर्मप्रांतात गेली, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात राहून पोर्तुगालच्या छत्राखाली. पुढे १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. विचार करा, इथल्या लाखो मराठी, कोकणी बोलणाऱ्या माणसांचा मेंढपाळ कोण, हे लिस्बनला विचारून ठरायचं!

हा खेळ मोडायला मदत केली ती एका इंग्रजानेच. मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, होते. १९४६ मध्ये वॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी मुद्दाम त्यांच्यासाठी जागा मोकळी केली आणि स्वतः मुंबईपासून दूर राहिले. १९५० मध्ये पोर्तुगालने आपले हक्क सोडले, त्याच वर्षी ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. आमच्या घरांत जुन्या माणसांना ग्रेशियस ठाऊक असतात, रॉबर्ट्स सहसा नसतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, सत्तेने चर्च वापरलं असेल तर त्याचा पहिला त्रास चर्चच्याच लोकांना झालाय. त्यांनाच पुन्हा आरोपी करू नका.

वऱ्हाडी वाचक

पाचूबंदर, तुमच्या भावनेचा आदर करून दुसरी बाजू मांडतो. भारतात हा विषय सरकारी पातळीवर पहिल्यांदा सविस्तर मांडला गेला तो नागपुरात. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तेव्हा आमचा विदर्भ मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. समिती खेड्यापाड्यांत फिरली, हजारो लोकांना भेटली. १९५६ चा अहवाल म्हणतो की परदेशी पैसा मोठ्या प्रमाणात येतो आणि धर्मांतरामागे जागतिक राजकारणाचा हेतू आहे. धर्मांतर हेच ज्यांचं मुख्य काम त्या मिशनऱ्यांना परत पाठवा, अशी शिफारसही होती. या अहवालाचं नाव घेतलं की लगेच 'पूर्वग्रह' म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. शीतयुद्धाच्या ऐन काळात एका न्यायमूर्तीला जी शंका आली, तिचा काही भाग पुढे अमेरिकेच्याच संसदेने मान्य केला ना?

मुळाकाठ

वऱ्हाडी वाचक, तुमचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून अमेरिकेबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते लिहितो.

१९७५-७६ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएची झडती घेतली. (समितीचं नाव 'चर्च समिती' पडलं ते सिनेटरच्या आडनावावरून. धर्माशी त्या नावाचा संबंध नाही, हे सांगतो, कारण अनेक मराठी लेखांत घोटाळा झालेला दिसतो.) या समितीच्या अहवालात अमेरिकन पाद्री आणि मिशनरी यांच्याशी १४ गुप्त संबंधांची नोंद आहे, त्यांत प्रत्यक्ष कामासाठी वापरलेल्या व्यक्ती २१.

याच सुमारास ओरेगॉनचे सिनेटर मार्क हॅटफिल्ड यांनी सीआयएचे संचालक विल्यम कोल्बी यांना पत्र लिहून विचारलं. हॅटफिल्ड स्वतः श्रद्धाळू बाप्टिस्ट, रिपब्लिकन पक्षाचे. कोल्बी यांच्या उत्तराचा आशय असा की अनेक देशांत धर्मगुरूंचं वजन असतं, त्यांनी सीआयएमार्फत देशाला मदत केली तर त्यांच्या सचोटीला किंवा कार्याला बट्टा लागत नाही. हॅटफिल्ड संतापले. त्यांनी थेट बंदीचं विधेयक आणलं आणि मिशनरी संस्थांनीही आवाज उठवला. त्यांची भीती साधी होती: एक पाद्री हेर निघाला की कुठल्याशा जंगलात दवाखाना चालवणाऱ्या शंभर निर्दोष माणसांच्या जिवाला धोका. फेब्रुवारी १९७६ मध्ये नवे संचालक जॉर्ज बुश (थोरले) यांनी जाहीर केलं की अमेरिकन पाद्री किंवा मिशनऱ्याशी पगारी किंवा कराराचा गुप्त संबंध ठेवणार नाही. कोणी आपणहून माहिती दिली तर मात्र ती घेऊ. नियम अमेरिकन धर्मगुरूंपुरता होता; बाकी देशांच्या पाद्र्यांचं काय, हे त्यात येत नाही. आणि १९९६ मध्ये संचालक जॉन डॉइच यांनी सिनेटच्या समितीला सांगितलं की अपवादात्मक प्रसंगी अशी बंदी बाजूला ठेवता येते.

तर शंका निराधार नव्हती, हे मी मान्य करतो. पण नियोगी समितीने आदिवासी गावातला शाळामास्तर, परिचारिका आणि पाद्री यांच्यावर जागतिक कटाचा जो अर्थ लादला, त्याला हे २१ लोक पुरावा होत नाहीत. त्या गावांतला एखादा माणूस पगारावर होता असा कागद अजून पुढे आलेला नाही. शंकेचा फायदा तुम्ही न्यायमूर्तींना देता, तसाच त्या मास्तरलाही द्या.

वऱ्हाडी वाचक

ठीक. २१ चा आकडा मला माहीत नव्हता, मी जास्त समजत होतो. तरी परदेशी पैशाचा प्रश्न उरतोच. त्यावर आपलं एकमत होणार नाही.

पाचूबंदर

त्या प्रश्नावर आमच्यातलेही गप्प नव्हते, दादा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताचं अनुसरण करायला परदेशी मिशनच्या पगाराची आणि परवानगीची गरज नाही, हाच त्यांचा आग्रह. तेव्हा नियोगी समिती जन्मालाही आली नव्हती.

कातरवेळ

पैशाचा विषय निघालाच आहे तर इटली आणि चिली. इथे धर्मगुरूला हेर करण्यापेक्षा फार मोठा प्रकार झाला, आणि तोही बराचसा उघड्यावर.

१८ एप्रिल १९४८, इटलीची निवडणूक. एका बाजूला कम्युनिस्ट-समाजवादी आघाडी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती लोकशाही पक्ष. पोप बारावे पायस यांचा स्पष्ट पाठिंबा. कॅथलिक नेते लुइजी जेद्दा यांनी पॅरिश-पॅरिशमध्ये नागरिक समित्या उभ्या केल्या. नन्सच्या मठांतून, आजाऱ्यांच्या खाटांवरून मतदार आणले गेले. 'मतदानाच्या आडोशात देव तुला पाहतो, स्टालिन पाहत नाही' ही घोषणा तेव्हाचीच. आणि याच निवडणुकीत नवजात सीआयएने पैशाच्या थैल्या पोहोचवल्या. त्यात असलेल्या अधिकाऱ्याने पुढे ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं. ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८.५ टक्के मतं पडली. पुढच्या वर्षी, १ जुलै १९४९ ला, रोमने कम्युनिस्टांना बहिष्कृत करणारा हुकूम काढला.

चिलीत १९६४ ला ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे उमेदवार एदुआर्दो फ्रेई यांच्या प्रचाराचा निम्म्याहून जास्त खर्च सीआयएने केला. २६ लाख डॉलरहून अधिक, हा आकडा चर्च समितीच्याच अहवालातला.

माझा मुद्दा असा की इटलीतला पाद्री कम्युनिझमला मनापासून घाबरत होता. पूर्व युरोपात पाद्र्यांचं काय चाललंय ते त्याला दिसत होतं. त्याला विकत घ्यायची गरजच नव्हती. अशा वेळी 'वापर' कुठे सुरू होतो आणि 'मत' कुठे संपतं? मला तरी ही रेघ मारता येत नाही.

सदाफुली

कातरवेळ, तुमचा शेवटचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मला वाटतं रेघ मारता येते. पाद्र्याने आपल्या लोकांना उघडपणे सांगितलं की माझं मत हे आहे, तर लोक त्याच्याशी भांडू शकतात. पण मत त्याचं आणि पैसा कोणाचा हेच लोकांना माहीत नसेल तर त्यांची फसवणूक झाली, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. लपवलं की संपलं.

आणि लॅटिन अमेरिकेचं नाव निघालं की मला ऑस्कर रोमेरोच आठवतात. एल साल्वादोर देशातल्या सान साल्वादोरचे आर्चबिशप. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टरना पत्र लिहिलं की आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच माणसांवर चालेल. २३ मार्चच्या प्रवचनात सैनिकांना म्हणाले, दडपशाही थांबवा. २४ मार्चला एका रुग्णालयाच्या चॅपलमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासना) सुरू असताना त्यांना गोळी घातली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने हुकूम देणाऱ्याचं नाव लिहिलं, मेजर रोबेर्तो दोब्युसाँ. २०१८ मध्ये रोमेरो संत म्हणून घोषित झाले. त्याच देशात नोव्हेंबर १९८९ मध्ये विद्यापीठातले सहा जेझुइट, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना लष्कराने मारलं. त्या तुकडीला अमेरिकेने प्रशिक्षण दिलेलं होतं.

जे चर्च सत्तेला सोयीचं नसतं त्याच्याशी सत्ता कशी वागते, हेही या धाग्यात यायला हवं. म्हणून लिहिलं.

राइनतीर

जर्मनीत राहतो. लाइप्झिगच्या निकोलाय चर्चबद्दल दोन शब्द, कारण इथे ते लोक अजून भरभरून सांगतात.

तिथे १९८० च्या दशकात दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेची प्रार्थना व्हायची. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचा एक विभाग फक्त चर्चसाठी होता आणि त्याची माणसं त्या बाकांवर नेमाने बसत. ९ ऑक्टोबर १९८९ ला सरकारी पक्षाने वेगळीच शक्कल लढवली. सुमारे ६०० पक्षसदस्यांना दुपारपासूनच चर्चमध्ये पाठवलं, म्हणजे खऱ्या लोकांना जागाच मिळणार नाही. पाळक क्रिस्टियान फ्यूरर यांना ते कळलं. त्यांनी वरच्या सज्ज्या बंद ठेवल्या, म्हणजे नंतर येणाऱ्या ख्रिस्ती लोकांनाही बसता यावं, आणि पाहुण्यांचं स्वागत केलं. पाठवलेल्या माणसांनी बायबलमधलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकलं. बहुतेकांनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल. बाहेर ७०,००० लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते. गोळीबार झाला नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

आणि याच चर्चमध्ये, याच देशात, बिशपांच्या कार्यालयांत श्टाझीचे खबरी होते. भिंत पडल्यावर दप्तरं उघडली तेव्हा कित्येकांना कळलं की आपला पाप-पुण्याचा सोबती आपल्याबद्दल अहवाल लिहीत होता. लोकांनी आपापली फाइल मागून घेतली आणि वाचली. फार रडारड झाली, मैत्र्या तुटल्या. पण निदान संशय संपला. कोण होता आणि कोण नव्हता, दोन्ही कळलं.

कातरवेळ

पोलंडमध्ये हे सगळं जाहीरपणे घडलं. डिसेंबर २००६ मध्ये स्तानिस्लाव विएल्गुस यांची वॉर्सोच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. जुन्या सुरक्षा खात्याशी त्यांचा संबंध असल्याचे कागद छापून आले. आधी त्यांनी नाकारलं. ७ जानेवारी २००७ ला कॅथेड्रलमध्ये पदग्रहणाचा समारंभ होता, माणसं भरलेली, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले. तिथेच उभं राहून त्यांनी राजीनामा वाचला. काही जण ओरडले, जाऊ नका. राष्ट्राध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. एकाच छपराखाली एकाच क्षणी दोन्ही.

हे तिथल्या लोकांना इतकं का झोंबलं, ते फादर येझी पोपिएलुश्को माहीत असतील तर कळतं. वॉर्सोच्या पॅरिशमध्ये दर महिन्याला ते देशासाठी मिस्सा करत आणि सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे हजारो लोक येत. १९ ऑक्टोबर १९८४ च्या रात्री त्याच सुरक्षा खात्याच्या तीन अधिकाऱ्यांनी त्यांना पळवून मारलं. ३० ऑक्टोबरला विस्तुला नदीच्या धरणातून त्यांचं शव काढलं. ज्या खात्याने असा माणूस मारला, त्याच खात्याशी संबंध असलेला माणूस वॉर्सोचा आर्चबिशप व्हायचा?

वऱ्हाडी वाचक

मग पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावरचा हल्ला? तो केजीबीने बल्गेरियाकडून करवला हे तर सगळे मानतात.

मुळाकाठ

मानतात, पण सिद्ध झालेलं नाही. १३ मे १९८१ ला मेहमेत अली आजाने गोळ्या झाडल्या, तो पकडला गेला, शिक्षा झाली. बल्गेरियन कटाचा खटला रोममध्ये चालला आणि मार्च १९८६ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी बल्गेरियन आरोपी सुटले. शंका घेणाऱ्यांत मोठमोठे लोक आहेत, पण या धाग्यात मी ते 'आरोप' याच कप्प्यात ठेवीन. पोप आणि रेगन यांच्या 'गुप्त युती'बद्दलही तसंच. दोघं ७ जून १९८२ ला भेटले, सीआयएचे संचालक विल्यम केसी व्हॅटिकनला जात, १९८४ मध्ये राजनैतिक संबंध जुळले, हे सगळं खरं. पण पोलंडमधून आलेल्या पोपला पोलंडबद्दल काय वाटावं हे शिकवायला वॉशिंग्टनची गरज पडली असेल, हे मला पटत नाही.

मांडवीकर

गोव्यातून लिहितोय. पाचूबंदर यांच्या प्रतिसादाला जोडून एक. गोवा मुक्त झाल्यावर कांदोळीचे मोन्सिन्योर सेबास्तियांव फ्रान्सिश्कु शावियेर मोन्तैरु या धर्मगुरूंनी भारतीय नागरिकत्व नाकारून पोर्तुगीज राहायचं ठरवलं. राहण्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९६९ चा. त्यांचं म्हणणं काही पटो न पटो, त्यांनी ते उघडपणे न्यायालयात मांडलं. सदाफुलीताईंनी जी रेघ मारली, तिच्या कुठल्या बाजूला हे बसतं ते वाचकांनी ठरवावं. माझ्या मते ते हेर नव्हते, चुकीच्या सत्तेवर निष्ठा ठेवून बसलेले म्हातारे गृहस्थ होते. तेव्हा गावात मात्र हा फरक करायला कोणी तयार नव्हतं.

सदाफुली

आजचं काय? रशियन चर्चचे कुलपती किरिल यांच्याबद्दलही केजीबीचं बोललं जातं.

मुळाकाठ

किरिल हे निकोदिम यांचे शिष्य. १९७१ पासून ते जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेकडे मॉस्कोचे प्रतिनिधी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्विस वृत्तपत्रांनी तिथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यातल्या पोलीस नोंदींवरून छापलं की ते तेव्हा केजीबीसाठी काम करत होते. हा स्विस पोलिसांचा दावा आहे; मॉस्कोची त्यांची फाइल कोणी पाहिलेली नाही, म्हणून मी त्याला सिद्ध म्हणणार नाही.

पण आजच्या घडीला ते गौण आहे असं मला वाटतं. २५ सप्टेंबर २०२२ च्या प्रवचनात त्यांनी सांगितलं की युद्धात कर्तव्य बजावताना मेलेल्याची सगळी पापं धुऊन निघतात. हे उपदेशपीठावरून, सगळ्या जगासमोर म्हटलं. यात कुठलं टोपणनाव नाही, कुठला गुप्त पगार नाही. १९४३ मध्ये दाराशी बसवलेला खात्याचा माणूस आता लागतच नाही.

त्याच चर्चमधल्या जवळपास ३०० धर्मगुरूंनी मार्च २०२२ मध्ये युद्ध थांबवण्याच्या आवाहनावर सह्या केल्या. कोस्त्रोमा प्रांतातल्या काराबानोवो या खेड्यातल्या फादर इओआन बुर्दिन यांनी रविवारच्या प्रवचनात युद्धाविरुद्ध सांगितलं. तेव्हा समोर मोजकीच माणसं होती, तरी पोलिसांपर्यंत बातमी गेली आणि न्यायालयाने ३५,००० रूबल दंड केला.

राइनतीर

म्हणजे त्या बाकावरही कोणीतरी बसलेलं होतंच.

मुळाकाठ

हो. सदाफुलीताईंनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय की पुढे वाचायचं तर कुठून सुरुवात करावी. चर्च समितीचा अहवाल आता आंतरजालावर फुकट वाचता येतो, त्यातला धर्मगुरूंवरचा भाग लहान आहे, एका बैठकीत होतो. पोलंड आणि जर्मनीची दप्तरं संशोधकांना खुली आहेत. मॉस्कोची १९९२ मध्ये बाहेर आली तेवढीच पानं. नियोगी अहवालही छापील मिळतो. तो वाचताना गावकऱ्यांच्या जबान्या आधी वाचा आणि निष्कर्ष मागाहून.